एकवीस दिवसांचं पायताण

माझं काम ठोकून बघायचं. फौंड्रीत ओतून गार झालेला लोखंडी नग पट्ट्यावरून माझ्यासमोर येतो, मी त्याला लहान हातोडीनं टिचकी मारतो आणि कान देतो. भरीव नग खणखणतो. आत हवेचा फुगा राहिला असेल किंवा चीर असेल तर आवाज बसका येतो. खणखणला की पुढं ढकलायचा, बसका आला की त्यावर लाल रंगाची फुली मारून बाजूला काढायचा. हल्ली आमच्याकडं ओतकाम यंत्रांचे हात करतात, मापं कॅमेरे घेतात. शेवटची टिचकी मात्र अजून माझी आहे. पंधरा वर्षांत माझ्या हातून एकही पोकळ नग पास झाला नाही, हे मी कुणी न विचारताही सांगत असे. आता सांगत नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या भावाला पास केलं.

धैर्यशील माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सहा फूट दोन इंच उंच, पाय तर ताडासारखे. गावच्या हायस्कुलात गणित शिकवतो. सव्विसाव्या वर्षी बसमधून खाली उतरताना त्याच्या पावलाचं हाड मोडलं. बस थांबलेली होती, पायरी वीतभर उंचीची होती. एवढ्याशानं हाड मोडतं कसं, म्हणून कोल्हापूरच्या डॉ. नसीम मुजावर यांनी त्याचं रक्त तपासायला घेतलं. आठ दिवसांनी त्यांनी आई, मी आणि धैर्यशील, तिघांना समोर बसवलं.

"पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय अशी गुणसूत्रांची जोडी असते," त्या म्हणाल्या. "यांच्यात एक एक्स जास्त आहे. सहा-सातशे पुरुषांत एखादा असा असतोच. पुष्कळांना जन्मभर कळतही नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. "माझ्या पोटातच काय चुकलं का वो, मॅडम?"

"कुणाचं काही चुकलेलं नाही. ही कुणाचीच चूक नाही."

त्यांचं हे वाक्य मला नीट लक्षात आहे. तेव्हा ते खरंही होतं. चूक व्हायची होती, ती पुढं झाली.

मग त्यांनी हाडांचं समजावून सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे, ते सतत चालू असलेलं बांधकाम आहे. एक टोळी जुनं फोडत असते, दुसरी नवं रचत असते. पुरुषाच्या वृषणातून एक रस निघतो, तो फोडणाऱ्यांना आवरतो. जादा एक्स असला की तो रस कमी पडतो, म्हणून गेली कित्येक वर्षं अशा पुरुषांना त्याची इंजेक्शनं देत आले. तरी पुष्कळांचे मणके पोकळच राहायचे. कारण वृषणातून दुसराही एक रस निघतो, अगदी थोडा, आणि तो गवंड्यांना कामाला लावतो. तोही यांच्यात कमी असतो. आता तो प्रयोगशाळेत तयार झाला होता. दंडाच्या कातडीखाली काडीएवढी नळी बसवायची, ती वर्षभर थेंबाथेंबानं तो सोडत राहते. देशात आठशे पुरुषांवर त्याची चाचणी सुरू होती.

"मग भरपूर द्या की," मी म्हणालो.

"जास्त झाला तर नको तिथं हाड वाढतं आणि पाठीच्या कण्यातल्या नसा दाबल्या जातात. कमी झाला तर उपयोग नाही. म्हणून आधी हाड आतून कसं आहे ते नेमकं कळायला हवं."

ते कळण्यासाठी त्यांच्याकडं एक ठिपका होता, शर्टाच्या गुंडीएवढा. तो पायातल्या वहाणेत टाचेखाली बसवायचा आणि एकवीस दिवस चालायचं. टाच जमिनीवर आपटली की हादरा नडगीतून वर मांडीपर्यंत जातो आणि परततो. आतली जाळी घट्ट असेल तर तो लवकर आणि स्वच्छ परततो, विरळ असेल तर वाटेतच मुरतो. एकवीस दिवसांत लाखभर पावलांचे हादरे तो ठिपका ऐकतो. नुसत्या फोटोत न दिसणारं त्याला कळतं. मला हसूच आलं. म्हणजे माझंच काम की!

"बुटात रबर असतं, त्यात आवाज मुरतो," डॉक्टरांनी धैर्यशीलच्या पायांकडं बघितलं. त्याच्या पायात करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण होतं. "हे उत्तम. कातड्याच्या दोन थरांमध्ये शिवून घ्या."

इथं मला आमच्या काठीबद्दल सांगायला हवं. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते, तेव्हा गावोगावच्या सासनकाठ्या जातात. आमच्या गावची काठी पस्तीस फुटी. तिचा बुडखा कमरेच्या पट्ट्यात रोवून एकच गडी ती तोलतो आणि नाचवतो, चार बाजूंनी चौघं दोऱ्या धरतात. ती उचलायचा मान आम्हा खराड्यांच्या घराचा. बाबांनी सव्वीस वर्षं उचलली. त्यांच्यामागं मी तीन वर्षं उचलली, मग फौंड्रीत माझं उजवं मनगट पट्ट्यात सापडून चेंदामेंदा झालं. तेव्हापासून मी डाव्या हातानं टिचकी मारतो आणि काठी धैर्यशीलकडं गेली. उंच माणसाच्या हातात ती जी काही डोलायची, ती बघायला शेजारच्या गावची माणसं थांबायची. पण पुढं एके वर्षी कुणाच्या तरी हातून काठी गर्दीत कोसळली, आणि यात्रेच्या कमिटीनं नियम केला, काठी उचलणाऱ्याकडं हाडांचा आणि हृदयाचा दाखला पाहिजे. घरात दाखला मिळणारा गडी नसेल तर मान भावकीतल्या पुढच्या घराला. आमच्या पुढचं घर म्हणजे चुलतभाऊ रणवीरचं. तो आणि मी लहानपणापासून एकमेकांना पाण्यात बघतो.

काठीचा दाखला मिळेल का, हे मी डॉक्टरांना परत निघताना हळूच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ठिपका सांगेल. पण मला वाटत नाही."

पायताणं करून आणायचं काम माझ्याकडं आलं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या आमच्या नेहमीच्या कारागिराकडून मी दोन जोड्या करून घेतल्या, एक त्याची, एक माझी. खराड्यांचे पाय मोठे, दोघांचाही नंबर दहा. एकाच कातड्याच्या, एकाच घडणीच्या जोड्या, एकीत ठिपका. येताना एसटीत दोन्ही पिशव्या मांडीवर होत्या. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. गावाच्या कमानीजवळ रणवीरची गाडी आडवी गेली, त्यानं काच खाली करून विचारलं, "काय संग्राम, धाकल्याची तब्येत बरी न्हाई म्हणं?" आणि घरी पोचल्यावर मी धैर्यशीलला साधी पिशवी दिली. ठिपक्याची माझ्या खाटेखाली सरकवली.

एकवीस दिवस मी ते पायताण घालून फौंड्रीत गेलो. धैर्यशील साधं कातडं घालून रोज सकाळी म्हसोबाच्या टेकडीवर जायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्यानं एक दिवस चुकवला नाही. गणिताचा मास्तर तो, पावलं वहीत लिहून ठेवायचा. तो घामाघूम होऊन आला की मी विचारायचो, "किती झाली रे आज?" तो आकडा सांगायचा, मी मान डोलवायचो.

निकालाच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. "आश्चर्य आहे. हाडं तर पैलवानासारखी आहेत. पावलाचं दुखणं वेगळं असावं." त्यांनी नळीतला डोस सगळ्यात कमी ठेवला आणि काठीचा दाखला दिला. बाहेर आल्यावर धैर्यशीलनं मला भर रस्त्यात मिठी मारली. "दादा, मला वाटलं होतं आयुष्य जपून जपून काढावं लागतंय. टेकडीनं काम केलं बघ!"

"केलं की," मी म्हणालो. जीभ झडली नाही.

त्या चैत्रात त्यानं काठी अशी नाचवली की आईच्या डोळ्यांना धार लागली. चांगभलंच्या गजरात, गुलालात माखलेला तो बघून मलाही वाटलं, काय बिघडलं? हाडं काही एवढी वाईट नसतील. माणसाला हवं ते पटवून घ्यायला फार वेळ लागत नाही.

वर्षानं ठिपका पुन्हा आला. तेव्हा सगळं दुरुस्त करता आलं असतं. ठिपक्याची जोडी त्याच्या पायात जाऊ द्यायची, एवढंच होतं. पण आकडे एकदम कोसळले असते, डॉक्टरांनी विचारलं असतं, मागचं उघडं पडलं असतं. पहिल्यांदा मी मानासाठी केलं होतं, दुसऱ्यांदा नुसतं भीतीनं केलं. पहिल्याची मला लाज वाटते. दुसऱ्याची त्याहून जास्त.

मधे त्याला एक स्थळ आलं होतं. त्यानं मुलीच्या वडलांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, जादा गुणसूत्र, मूल होण्याची अडचण, सगळं. ते उठून गेले. आई चिडली तर तो म्हणाला, "आई, खोट्यावर कुणाच्या घरी नातं जोडायचं न्हाई मला." मी तिथंच चहा पीत होतो. पायात कुठलं पायताण होतं ते सांगायला नको.

दुसऱ्या चैत्रात, डोंगरावर, भर दुपारी ते झालं. काठी पडली नाही. कुणी ओरडलं नाही. मी मागची दोरी धरून होतो, मला नुसतं एवढं दिसलं की काठी डोलायची थांबली आणि सरळ उभी राहिली. धैर्यशीलचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा, काठी घे," तो म्हणाला. चौघांनी काठी काढून घेतली आणि तो दमलेला माणूस बसतो तसा खाली बसला. मग त्याला उठता येईना.

पाठीचे दोन मणके आपल्याच वजनाखाली बसले होते. दवाखान्यात त्याची उंची मोजली तर दीड इंच कमी भरली. नशीब, नसा वाचल्या होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी डॉ. मुजावर खोलीत आल्या. आई त्याला चमच्यानं पेज भरवत होती. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचाच चेहरा पडलेला होता.

"धैर्यशील, मला तुमची माफी मागायची आहे. चार महिन्यांपूर्वी ठिपक्यानं तुमची हाडं उत्तम दाखवली. परवाच्या तपासणीत मणके आतून जाळीदार पोकळ आहेत. ठिपका मी तपासून घेतला, त्यात बिघाड नाही. म्हणजे एकच राहतं. औषधानंच घात केला. चार महिन्यांत चांगलं हाड खाल्लं."

"मग आता?" त्यानं विचारलं.

"नळी उद्या काढू. तुम्हाला हे औषध पुन्हा कधी देता येणार नाही. आणि सोमवारी बैठक आहे, सगळ्या आठशे जणांचं थांबवावं लागेल असं दिसतंय. बऱ्याच जणांना गुण येत होता. पण धोका पत्करता येत नाही."

धैर्यशीलनं डोळे मिटले. "म्हणजे माझ्यामुळं आठशे जणांचं औषध जाणार."

मी खिडकीशी उभा होतो. कारखान्यात एखादा बसका आवाज आला की हात आपोआप लाल रंगाकडं जातो, विचार करावा लागत नाही. इथं मला सोळा महिने लागले.

"मॅडम, औषधाचा दोष न्हाई," मी म्हणालो. "ठिपक्याचा पण न्हाई. ती हाडं माझी होती."

कुणालाच कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. दोन जोड्या, दोन पिशव्या, खाटेखालचं पायताण, दोन्ही वर्षं. सांगताना मी धैर्यशीलकडं बघितलं नाही, पेजेच्या वाटीकडं बघत होतो.

आधी डॉक्टर बोलल्या. आवाज चढवला नाही. "सोळा महिने यांना औषध जवळजवळ मिळालंच नाही. आणि त्यावर मी पस्तीस फुटी काठीला परवानगी दिली. माझ्या सहीनं. तुमच्या भावाच्या हाडांचे सोळा महिने तुम्ही खाल्लेत, खराडे." त्या उठल्या आणि फोन करायला बाहेर गेल्या.

आईनं वाटी खाली ठेवली. "मान मान करत तुझा बा गेला," ती म्हणाली. "आता तू ह्याला घालवायला निघाला व्हतास व्हय रं?"

धैर्यशील छताकडं बघत होता. तो म्हणाला, "पहिल्या वर्षी एकवीस दिवस मी टेकडी चढलो."

"व्हय."

"एक लाख चौदा हजार पावलं. वही हाय अजून माझ्याकडं."

"व्हय."

"रोज आलो की तू विचारायचास, किती झाली म्हणून." त्याचा आवाज फुटला. "ते कशाला विचारत होतास, दादा?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या, जवळचं भांडं फेकून मारलं असतं तर मी सोसलं असतं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि मला बाहेर जावं लागलं.

सोमवारच्या बैठकीत डॉक्टरांनी खरं काय ते मांडलं, माझा लेखी जबाब जोडून. चाचणी चालू राहिली. धैर्यशीलची नळी काढली नाही, डोस पुरा केला. भावकीच्या बैठकीत मी स्वतः उभा राहून सांगितलं की मान मी खोटेपणानं राखला होता, तो आता रणवीरच्या घरी जावा. रणवीर टोमणा मारील म्हणून मी मन घट्ट करून गेलो होतो. त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "धैर्या चालतोय का?" तेही मला जड गेलं.

चालत होता. आधी पाठीला पट्टा लावून खोलीत, मग अंगणात, पुढं शाळेपर्यंत. आईशी बोलायचा, पोरांशी बोलायचा. माझ्याशी आठ महिने एक शब्द नाही. जेवायला एकाच पंगतीत बसायचो, मीठ लागलं तर तो उठून आणायचा. फौंड्रीत माझं काम बिघडलं. चांगले खणखणीत नग मला बसके वाटायचे, मी पुन्हा पुन्हा ठोकत राहायचो, पट्टा तुंबायचा. फोरमननं दोनदा विचारलं, कान तपासून घेतोस का म्हणून.

मार्गशीर्षात पुन्हा ठिपक्याची वेळ आली. या वेळी तो स्वतः कारागिराकडं गेला आणि शिवून घेऊन आला. रविवारी सकाळी मी दारात आलो तर तो कट्ट्यावर पाठ टेकून बसला होता. पुढ्यात दोन्ही जोड्या, त्याची आणि माझी. दोन्हींचं कातडं आता सारखंच काळवंडलं होतं.

"दादा," तो म्हणाला.

मला वाटलं आईला हाक मारतोय आणि चुकून बोलला.

"फौंड्रीतला रंग हाय का घरात? लाल."

माळ्यावर अर्धा डबा होता. मी तो आणि ब्रश आणून दिला. त्यानं माझं पायताण उचललं, उलटं केलं, मग पुन्हा सुलटं केलं, आणि जिथं टाच टेकते तिथं मोठी लाल फुली मारली. माझ्या दुसऱ्या पायातल्यावरही तशीच मारली. मास्तर माणूस, फुली अगदी सरळ होती. मग फुंकर घालून ती जोडी माझ्यापुढं ठेवली.

"आता चुकायचं न्हाई," तो म्हणाला. "कुणाचं कुठलं ते."

मी विचारलं, "ही फुली कशावर मारतात ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय. लहानपणापास्नं ऐकतोय तुझ्याकडनं. म्हणूनच मारली."

अंगणात आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला होता.

"फुलीचा माल तुम्ही टाकून देता व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. भट्टीत घालून वितळवतात. परत ओततात."

"मग घाल की पायात." तो कट्ट्याला हात टेकून हळूच उठला. पट्टा सारखा केला, आपलं पायताण चढवलं. "टेकडीवर जायचंय मला. मॅडम म्हणाल्यात, एकट्यानं जायचं न्हाई."

रंग अजून ओला होता, टाचेला चिकटला. तो पुढं, मी चार पावलं मागं. त्याच्या पाठीला आता थोडा बाक आहे, मान पहिल्यासारखी ताठ राहत नाही. चढ लागल्यावर तो दर शंभर पावलांनी थांबायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, मी मागून मोजून ताळा करायचो. माझे कान मात्र त्याच्या टाचेकडं होते, सवय जात नाही. आवाज अजून बसकाच होता. मी पास-नापास काही ठरवलं नाही. तो निघाला की निघायचो, थांबला की थांबायचो.